निकालानंतरचं काम

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतले फेडरल न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्याविषयी वाचून तुलाही न्यायाधीश व्हावंसं वाटतंय, याचा फार आनंद झाला. तू पत्रात ज्यांचा उल्लेख केलास ते त्यांचे निकाल थोरच आहेत. १९५६ मध्ये अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराच्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या दोघांत ते होते, १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चाला त्यांनीच वाट मोकळी करून दिली. अलाबामाचे गव्हर्नर वॉलेस हे त्यांचे लॉ कॉलेजातले सोबती, पुढे तेच उघड वैरी झाले. १९६७ मध्ये जॉन्सन यांच्या आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला. आजन्म नेमणुकीने पद सुरक्षित राहतं, घरदार नाही.

तरी माझं ऐकशील तर त्यांचा 'वायट विरुद्ध स्टिकनी' हा खटला आधी वाच. अलाबामातल्याच टस्कलूसाचं ब्राइस मनोरुग्णालय, रुग्ण पाच हजारांवर. १९७० मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून राज्याने कर्मचारी कमी केले, आणि काढलेले कर्मचारी रुग्णांना सोबत घेऊन कोर्टात आले. म्हणजे मूळ तक्रार नोकरीची. जॉन्सन यांनी मात्र प्रश्न रुग्णांचा धरला. उपचारासाठी म्हणून माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवता, तर उपचार हा त्याचा घटनादत्त हक्कच आहे, असं १९७१ मध्ये त्यांनी ठरवलं आणि राज्याला सहा महिने दिले.

राज्याने समाधानकारक काही केलं नाही. तेव्हा तज्ज्ञांच्या साक्षी घेऊन १९७२ मध्ये त्यांनी बारीकसारीक आदेश काढला: एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, आठ जणांमागे एक शौचालय हवं, किती रुग्णांमागे किती डॉक्टर आणि नर्स. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही बजावलं. देखरेखीला मानवी हक्क समित्या नेमल्या.

न्यायाधीश राज्यकारभार करायला लागले, अशी टीका झाली. ती पोकळ नव्हती. तूही तिचा विचार कर. पण संडास मोजल्याशिवाय तो हक्क त्या वॉर्डापर्यंत पोचलाच नसता, असं माझं ठाम मत आहे. जॉन्सन १९७९ मध्ये अपील कोर्टात गेले, १९९९ मध्ये वारले. खटला बंद झाला २००३ मध्ये, दुसऱ्या न्यायाधीशांपुढे.

म्हणून कुठलंही निकालपत्र वाचताना शेवटचा आदेश आधी काढ. कोणी करायचं, कधीपर्यंत, नाही केलं तर काय, हे त्यात शोध. सुट्टीत आलास की १९७२ च्या आदेशाची परिशिष्टं आपण दोघं ओळीने वाचू.