'कृपया पोहोचल्यावर कळवा' परकं का वाटतं?

प्रश्न असा होता: मैत्रिणीने इंग्रजीत पाठवलेल्या 'प्लीज लेट मी नो व्हेन यू रीच' या निरोपाचं भाषांतर 'कृपया आपण पोहोचल्यावर मला कळवा' असं मिळालं. व्याकरणाची चूक नाही, मग ते कानाला का खटकतं?

कारण त्यात मैत्रीण उरलीच नाही. मैत्रीण म्हणेल, 'पोचलीस की कळव हं.'

इंग्रजीतलं 'तू' या अर्थाचं एकवचनी 'दाऊ' (thou) प्रमाण बोलीतून सतराव्या शतकात जवळपास गेलं आणि 'यू' एकटंच राहिलं. मराठीत मात्र समोरच्याला थेट उद्देशून बोलताना 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतलं एक ठरवल्याशिवाय क्रियापद चालवता येत नाही. मूळ वाक्यात नसलेली ही माहिती भाषांतर करणाऱ्याला आणावी लागते, आणि ती शब्दकोशात सापडत नाही. ब्राउन आणि गिलमन या अभ्यासकांनी 1960 साली युरोपीय भाषांतल्या अशा सर्वनामांची मांडणी अधिकार आणि जवळीक या दोन अंगांनी केली होती. मराठीतही हीच दोन अंगं आधी तपासावीत.

आता 'कृपया'. हा शब्द अर्जात, फलकावर, घोषणेत शोभतो. घरात तो कुणी उच्चारला तर समोरचा विचारेल, 'रागावलीस का?' आपलं आर्जव क्रियापदात आणि त्याच्या शेपटाला असतं. 'पाठव' ही नुसती आज्ञा. 'पाठव ना' म्हटलं की लाडीगोडी आली, 'पाठव की' मध्ये थोडा आग्रह, 'जरा पाठवतोस का' मध्ये हक्क. 'पाठवशील का' मध्ये नकाराला जागा ठेवलेली असते, म्हणून ते मला सगळ्यांत सुंदर वाटतं. 'पाठवाल का' मध्ये आदर आणि 'पाठवावे, ही विनंती' मध्ये कागदी अंतर. इतक्या छटा हाताशी असताना प्रत्येक 'प्लीज'वर 'कृपया' चिकटवणं म्हणजे भाषेवर अन्याय आहे.

हिंदीतून आणताना फसगत वेगळी होते. 'माँ, आप कब आएँगी' याचं 'आई, आपण कधी येणार' केलं तर मुलगा आईशी भांडलाय असं वाटेल. आपल्याकडे आईला बहुधा 'तू'च म्हणतात आणि त्यात आदर तसूभरही कमी नसतो. 'आई, तू कधी येणार?' हेच त्याचं खरं भाषांतर. शिवाय मराठी 'आपण' मध्ये बोलणाराही सामील होऊ शकतो, त्यामुळे 'आपण कधी निघणार' हे वाचून दोघांनी मिळून निघायचंय असा समज होतो.

नातं माहीतच नसेल तर मी 'फाइल पाठवता येईल का?' अशी रचना वापरते. तिच्यात 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, तरी विनंती पुरती आहे. उत्तरात समोरच्याने 'पाठवतो गं' म्हटलं, की पुढच्या निरोपापासून 'तू'.