एकोणसाठचं पान

प्रश्न : आदरणीय बाई, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. नोकरीला तीन वर्षं झाली. पहिली-दुसरी माझ्याकडे, पट सव्वीस. माझ्या फोनवर शिक्षकांचे सात गट आहेत. दिवसाला दोनशेच्या वर संदेश येतात : चाचणीपत्रिका, नोंदींचे नमुने, शासन निर्णय, माहिती भरायच्या लिंक. उद्या वर्गात काय करू, याला उपयोगी पडेल असं त्यात क्वचितच सापडतं. वर्गाबद्दल मनापासून लिहिणारे शिक्षक शोधायचे कुठे? दुसरं असं, की वर्गात जे झालं ते मी रोज रात्री एका वहीत लिहून ठेवतो. सहकारी म्हणतात, ब्लॉग काढा, इतरांनाही वाचू द्या. पण त्या वहीत यशापेक्षा फसलेलंच जास्त आहे. वरिष्ठांच्या वाचनात आलं तर?
— एक उपशिक्षक

उत्तर : सर, तुमची वही आधी नीट जपा. ‘फसलेलंच जास्त आहे’ असं तुम्ही लिहिलंय, आणि मला तुमच्याशी बोलायचंय ते नेमकं त्याबद्दलच.

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली निदान वीस वर्षं मी दुसरीच्या वह्यांवर एकाच चुकीला लाल रेघ मारत आले. अंकलेखनात ‘एकोणसाठ’ म्हटलं की चार-सहा मुलं हमखास ६९ लिहायची. मी म्हणायचे, ‘लक्ष कुठंय?’ आणि दहा वेळा लिहून आणायला सांगायचे. मुलं दहा वेळा ५९ लिहून आणायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ६९.

प्रत्येक मूल शिकलं पाहिजे म्हणून आखलेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय २२ जून २०१५ ला निघाला, तो काळ आठवा. तुम्ही तेव्हा बहुधा कॉलेजात असाल. साताऱ्याकडचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला गाड्या भरभरून शिक्षक जात होते, परत येऊन वर्गातली फरशी रंगवत होते, आणि त्याच वर्षा-दोन वर्षांत जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी स्वतःचे ब्लॉग सुरू केले. भाच्याने मला फोनवर मराठी टाइप करायला शिकवलं आणि मी रात्री ते वाचत बसायचे. खूपसं सजावटीचं होतं. पण एकदा परभणीकडच्या एका गुरुजींचं पान हाती लागलं. फोटो नाही, रंगीत अक्षरं नाहीत. त्यांनी लिहिलं होतं : आज अठरा मुलांना ५९ सांगितलं, सात जणांनी ६९ लिहिलं, दोघांनी ६१. मग त्यांनी एका मुलीला जवळ घेऊन विचारलं होतं, ‘तू कसं लिहिलंस?’ ती म्हणाली, ‘साठ ऐकू आलं, म्हणून साठच्या घरात गेले.’

मी फोन बाजूला ठेवला. वीस वर्षं मी त्या मुलांना बेफिकीर समजत होते आणि मुलं तर नीट कान देऊन ऐकत होती! आपले अंकच तसे आहेत. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना पाच आधी. त्यात ही एकोणची मंडळी पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात. एकोणीस ते एकोणनव्वद असे आठ शब्द. दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा, २०१९ साली, केवढा वाद झाला. मला स्वतःला एकवीस, बावीस हेच जवळचे वाटतात, पण मुलं अडतात ते खरं आहे, आणि त्या गुरुजींनी ते वादाच्या चार वर्षं आधी आपल्या अठरा मुलांत पाहून लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शंभर मण्यांची माळ घेऊन बसले. साठाव्या मण्याला चिमटा लावला, एक मणी मागे आले आणि सांगितलं, ‘एकोण म्हणजे एक ऊन. साठला एक ऊन.’ मुलं खिडकीबाहेर बघायला लागली. त्यांना ऊन म्हणजे बाहेर पडलेलं तेच ठाऊक. तास तिथेच फसला. ‘ऊन’ सोडून ‘साठला एक कमी’ म्हणायला लागले तेव्हा माळ कामाला आली. आठवड्याने बरीच मुलं सावरली, पण नव्व्याण्णवला एक नवीनच शब्द आला : एकोणशंभर. मुलांनी नियम पकडला होता, भाषेनेच तिथे तो पाळलेला नाही.

हे दोन्ही मी त्या गुरुजींना कळवलं. त्यांनी लिहिलं, ‘ऊनचं आमच्याकडेही झालं होतं, लिहायचं राहून गेलं.’ आणि माझं ‘एकोणशंभर’ त्यांनी आपल्या पानाखाली जोडलं. आम्ही एकमेकांना आजवर पाहिलेलं नाही. बी.एड. करताना मिळाली नव्हती अशी सोबत मला त्या पानाने दिली.

आता शोधायचं कसं. ‘गणित अध्यापन’ किंवा ‘शैक्षणिक ब्लॉग’ असं शोधाल तर शासन निर्णय आणि प्रश्नपत्रिकांचे ढीग मिळतील. त्याऐवजी मुलाची चूक देवनागरीत टाइप करा : ‘मुले ५९ ऐवजी ६९ लिहितात’, ‘हातचा विसरतात’, ‘जोडाक्षर वाचताना थांबतात’. जो शिक्षक मुलांकडे बघून लिहितो, त्याच्या लिहिण्यात चूक चुकीच्याच शब्दांत येते. एखादं पान आवडलं की त्या शिक्षकाचे जुने महिने उघडा. २०१५-१६ ला उत्साहाने सुरू झालेल्या कित्येक ब्लॉगांवर पुढे शालार्थ, सरल अशा सरकारी ऑनलाइन नोंदी आणि पगारपत्रकंच उरली, पण तळाशी चांगले लेख अजून तसेच आहेत. आणि तो शिक्षक कुणाचं नाव घेतो ते बघा. मला परभणीच्या गुरुजींकडून कोल्हापूरच्या एक बाई मिळाल्या आणि त्यांच्याकडून अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. तिथे टाकाऊ वस्तूंतून करायची खेळणी आहेत आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं फुकट वाचायला आहेत. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून केलेले त्रिकोण-चौकोन मी तिथूनच उचलले. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही, हे चौथीच्या मुलांनी हातात धरून पाहिलं.

फोनबाहेरही बघा. ताराबाई मोडकांनी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली तेव्हापासून आपल्याकडे शिक्षकांचं हे लिहिणं-वाचणं चालत आलंय. पुण्याहून निघणारं ‘जीवन शिक्षण’ मासिक अनेक शाळांच्या कपाटात बांधलेल्या गठ्ठ्यात पडलेलं असतं, तो गठ्ठा सोडा. ‘पालकनीती’ १९८७ पासून निघतंय. ‘शैक्षणिक संदर्भ’चे अंक मिळवा. हिंदी चालत असेल तर भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेचं ‘संदर्भ’ही वाचा.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे ‘दीक्षा’ या सरकारी अ‍ॅपवर व्हिडिओ असतात, तेही वापरा. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत असताना रणजितसिंह डिसले यांनी केलेलं, पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम तुम्हाला ठाऊक असेलच. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. मला ते फार भावलं. पण व्हिडिओ धडा दाखवतो. धड्यापुढे बसलेली मुलगी साठच्या घरात का गेली, ते तिच्याजवळ बसलेला शिक्षकच सांगू शकतो.

म्हणून तुम्ही लिहा. ‘उपक्रम यशस्वी झाला, मुले आनंदाने सहभागी झाली’ अशी वाक्यं मी शेकड्यांनी वाचली आहेत आणि त्यांतून मला दुसऱ्या दिवशी वर्गात नेता येईल असं काही हाती लागलं नाही. किती मुलं होती, कितीजणांना जमलं, एका मुलाने काय उत्तर दिलं, तुम्ही काय म्हणालात आणि ते कुठे अडलं, एवढं लिहा. एका वेळी एकच गोष्ट, दीड पान पुरे. शुद्धलेखन एखाद्या मित्राकडून तपासून घ्या, पण त्यासाठी महिनोन् महिने अडून बसू नका.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. मुलांची नावं बदला, चेहरे दाखवू नका. ‘वाचता न येणारा’ म्हणून आज तुम्ही ज्याचा फोटो टाकाल, तो दहा वर्षांनी स्वतःचं नाव शोधणार आहे. त्याच्या आईलाही ते आज गावात कुणी दाखवू शकतं. वाडी लहान असते, त्यामुळे नाव बदलूनही मूल ओळखू येत असेल तर तो प्रसंग वहीतच राहू द्या.

वरिष्ठांचं म्हणाल, तर काहीच होणार नाही असं मी सांगणार नाही. माझ्या वर्गातल्या अकरा मुलांना साधी वाक्यं वाचता येत नाहीत, असं मी एकदा लिहिलं होतं. एका अधिकाऱ्यांनी ते भर सभेत वाचून दाखवलं आणि मला उभं केलं. घरी येऊन मी रडले. सहा महिने एक ओळ लिहिली नाही. पुन्हा सुरू केलं ते त्याच सभेतल्या एका तरुण बाईंमुळे. त्यांनी चिठ्ठी पाठवली होती : ‘माझ्याकडे चौदा आहेत. तुम्ही त्या अकरांचं पुढे काय केलंत?’ मला उत्तर द्यायचं होतं, त्यासाठी लिहावं लागलं. तुम्ही एकदम सगळ्यांसमोर टाकू नका. आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी दोघा-तिघांना एक पान वाचून दाखवा. त्यांतलं कुणी ‘माझ्याकडेही असंच’ म्हणालं, की ते पान ब्लॉगवर टाका. आकडे मात्र शाळेच्या नोंदींशी जुळते ठेवा. खरी संख्या नोंदीतही तीच असली, की कुणी विचारलं तरी उत्तर देता येतं.

प्रश्न : मी तयार केलेली जोडाक्षरांची कृतिपत्रिका एका गटावर दुसऱ्याच शिक्षकांच्या नावाने फिरत होती. तक्रार करावी का? वाईट वाटणं चुकीचं आहे का?
— एक शिक्षिका, लातूर

उत्तर : वाईट वाटणारच, बाई. रात्र जागून केलेलं काम आहे ते. माझी शब्दपट्ट्यांची पाच पानं माझ्याकडेच परत आली होती, वर अनोळखी नाव आणि खाली ‘संकलन’. मी त्या शिक्षकांना फोन केला. त्यांनाही ती पानं तशीच मिळाली होती. बिनानावाची होती म्हणून त्यांनी आपलं घातलं. हे बरोबर नव्हतं, आणि मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी दुरुस्त प्रत पुन्हा गटावर टाकली. तुम्हीही आधी थेट बोला, गटावर भांडण नको. यापुढे प्रत्येक पानाच्या तळाला नाव आणि वर्ष घाला, आणि ‘वापरून पाहिल्यावर काय झालं ते कळवा’ अशी एक ओळ. मी ती घालायला लागल्यापासून वर्षाला चार-पाच पत्रं येतात. त्यांतल्या एकीने माझ्या ‘क्ष’च्या पट्टीत चूक दाखवली, मुलं ‘रक्षण’ला ‘रकशन’ वाचत होती. ती पट्टी मी बदलली आणि नव्या पट्टीखाली माझ्या नावाशेजारी तिचंही नाव आहे.