सांगलीत ११२ वर केलेल्या कॉलचं रेकॉर्डिंग माहिती अधिकारात मिळतं का?

मागता येतं. आवाजाची फाईलही कायद्याने ‘माहिती’च आहे. पण आजच अर्ज करा, रेकॉर्डिंग कायम राहील असं धरून चालू नका.

कॉल उचलला जातो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात, पोलिसांची गाडी पाठवतात सांगलीतून. म्हणून अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या आणि ‘रेकॉर्डिंग दुसरीकडे असल्यास कलम ६(३) नुसार ५ दिवसांत वर्ग करावा’ हे वाक्य घाला. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत.

‘माझ्या कॉलची माहिती द्यावी’ एवढंच लिहिलं की अर्ज अडतो. तारीख, मिनिटापर्यंत वेळ आणि नंबर लिहा, मोबाईलमधल्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट जोडा. कॉल कधी आला, गाडीला कधी कळवलं, ती कधी पोचली, ही नोंद वेगळी मागा. गाडीला उशीर झाल्याची तक्रार असेल तर खरा पुरावा हाच, आणि आवाज नाकारला तरी कलम १० खाली (नाकारलेला भाग वगळून उरलेली माहिती देण्याची तरतूद) ही नोंद देता येते.

‘तपास सुरू आहे’ एवढं उत्तर पुरेसं नाही, अडथळा कसा येईल ते त्यांनी सांगायला हवं. नाहीतर उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करा. दुसऱ्याने केलेला कॉल मात्र सहसा खाजगी माहिती म्हणून नाकारतात. खटला चालू असेल तर वकिलामार्फत कोर्टातून मागवा.