नस्टर्शियमचे लाड नकोत!

प्रश्न : ताई, ऑक्टोबरात गॅलरीत नस्टर्शियम या फुलझाडाच्या बिया लावल्या, पाकिटावर चक्क 'बुटकी जात' लिहिलेलं. दहा इंची कुंडी, निम्मी माती निम्मं गांडूळ खत, शिवाय दर रविवारी शेणखताचं पाणी. पानं बशीएवढी झालीत पण डिसेंबर संपत आला तरी कळी एकही नाही. काय चुकलं? (पुणे)

उत्तर : अहो, खायला घालून घालून आळशी केलंत त्याला! मी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं, सासूबाई म्हणाल्या अळू लावलंयस का. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की हे झाड नुसती पानं काढत बसतं, फुलायची गरजच वाटत नाही त्याला. मूळचं पेरूकडच्या अँडीज डोंगरातलं ते, हलक्या मातीवर भागतं. आता खत पूर्ण बंद करा, कुंडी जिथे पाचसहा तास ऊन येतं तिथे सरकवा आणि वरची माती कोरडी लागली की मगच पाणी. थोडा धीर धरा, कळ्या येतील. पुढच्या वेळी साधी बागेतली माती, थोडी वाळू आणि जेमतेम मूठभर जुनं खत, बास.

आणि एक बघा, पानांचे देठ ग्रिलला गुंडाळी मारतायत का? मारत असतील तर पाकिटात वेलाची जात निघालीय, बुटकं झाड असं चढत नाही, फूटभर उंच गोल झुडूप होऊन बसतं. टॉम थंब ही जात बुटकी, अलास्कासुद्धा, आणि अलास्काच्या पानांवर पांढरे शिंतोडे असतात म्हणून फुलं नसतानाही कुंडी छान दिसते.

प्रश्न : ट्रेमध्ये रोपं केली, छान उगवली, कुंडीत हलवली तर चार दिवसांत माना टाकल्या. बिया परत कधी लावू? आणि याची फुलं खातात म्हणे, खरं का? (डोंबिवली)

उत्तर : याच्या मुळांना धक्का खपत नाही, म्हणून बी थेट कुंडीतच लावायचं. बी चांगलं हरभऱ्याएवढं, सुरकुतलेलं असतं. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी अर्धं पेर खोल खोचा, दोन बियांत वीतभर अंतर, आठदहा दिवसांत वर येतं. तुमच्याकडे नोव्हेंबर उजाडल्याशिवाय घाई नको, आणि मार्चच्या उन्हात झाड पिवळं पडलं तर जीवाला लावून घेऊ नका, आपल्याकडे हे थंडीपुरतंच.

खातात हो, फूल पण आणि पान पण. पान चावलं की आधी काहीच नाही, मग एकदम मुळ्यासारखा झणका नाकात जातो. कोशिंबिरीत मस्त लागतं, फक्त नर्सरीतून आणलेल्या रोपाचं लगेच तोंडात टाकू नका, त्याच्यावर औषध मारलेलं असू शकतं.

मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, मात्र हमखास येतो, कोवळ्या शेंड्यांवर काळा थर दिसला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, नाहीच गेला तर शेंडाच खुडा. शेवटी शेवटी एकेका फुलामागे तीन तीन बिया चिकटलेल्या दिसतील, हिरव्या तोडू नका, आपोआप गळल्या की सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा आणि वर तारीख लिहा, नाहीतर माझ्यासारखं, कुठली बुटकी आणि कुठली वेलाची काहीच कळत नाही.