नवीन लेपर्ड गेको (पाळायची ठिपकेदार पाल) आणला. दुकानदाराने दहा गॅलनची टाकी, वाळू आणि विजेवर तापणारा दगड दिला. चार दिवस काहीच खात नाही. काय चुकतंय?

चार दिवसांचं काही नाही. नव्या घरात आलेली पाल आठवडाभरसुद्धा तोंड लावत नाही. शेपूट जाडजूड आहे ना? चरबीचा साठा तिथेच असतो. तोवर तिला हातात घेऊ नका. शेपूट बारीक व्हायला लागली, तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा.

शंकेची पाल चुकचुकते ती त्या दगडावर. तो आजच काढा. मध्येच एखाद्या जागी भलताच तापतो आणि पोट भाजेपर्यंत ती तिथेच पडून राहते. पाच वर्षांपूर्वी मी न्यू जर्सीत पहिली पाल घेतली, तेव्हा माझ्याही गळ्यात हेच सामान मारलं होतं.

टाकीच्या एका टोकाला खालून हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरल्या जागी रोखणाऱ्या यंत्राशिवाय नको. सजावटीचे पैसे वाचवून हा घ्या. उबदार टोकाची जमीन ३२ ते ३४ अंश सेल्सिअस आणि दुसरं टोक २५च्या आसपास हवं. पोटाला ऊब मिळाली नाही तर खाल्लेला किडा पचत नाही, मग भूकही लागत नाही. काचेला चिकटवायचे गोल काटे हवेचं तापमान सांगतात. तुम्हाला जमिनीचं हवंय. दहा गॅलनची टाकी सगळीच सारखी तापते, गार कोपरा उरतच नाही. किमान वीस गॅलनची लांब टाकी हवी, जागा असेल तर चाळीसची. उंची फारशी लागत नाही, ही पाल काचेवर चढत नाही. (आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पैसे देऊन पाल आणलीस?" मग पाल पापण्या मिटते हे पाहून गप्प झाली. आपल्या घरातल्या पालींना पापण्या नसतात. हिची एक भावकी सातपुड्यात आहे, २०१४ साली तिची वेगळी जात म्हणून नोंद झाली.)

लपायला तीन जागा करा: उबदार, गार आणि ओलसर. ओलसर म्हणजे भोक पाडलेला आइस्क्रीमचा डबा, आत भिजवून पिळलेला किचन टॉवेल. मी याचा कंटाळा केला. कात बोटांना अडकली, दोऱ्यासारखी आवळत गेली आणि एका बोटाचं टोक गळून पडलं. अंग फिकट, दुधाळ दिसू लागलं की डबा ओला आहे ना, रोज बघा. वाळू पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. सध्या साधा किचन टॉवेलच अंथरा.

खाणं म्हणजे जिवंत किडे, तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नकोत. किड्यांना आधी गाजर खाऊ घाला, मग कॅल्शियमच्या पुडीत घोळवा. पुडी टाळली तर हाडं मऊ पडतात.

दर आठवड्याला वजन करा, त्यासाठी काटा वेगळा घ्या. या पालींच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि आमच्याकडे पिठाच्या काट्यावरून एकदा भांडण झालेलं आहे.