दार कुठलं, खोली कुठली

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, घराचं काम काढलं असेल आणि आतल्या दारांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. आलेल्या पत्रांपैकी निम्मी बाथरूमच्या दाराची निघाली. मला काही नवल वाटलं नाही, माझं लहानपण वडिलांच्या प्लायच्या दुकानात गेलंय आणि गणपती झाले की गिऱ्हाईक यायचंच, "ते खालून गेलंय हो आमचं" म्हणत. काय गेलंय ते विचारावं लागायचं नाही.

ताई, मुलुंडला वन बीएचके आहे आमचा. पंधरा वर्षांत बाथरूमचं दार तिसऱ्यांदा बदलतोय. दर वेळी खालून फुगतं, सनमायका सुटतो, मग मिस्त्री ॲल्युमिनियमचा पत्रा मारून जातो आणि वर्षभरात पत्र्याच्या आत भुसा. आता एक जण म्हणतो पीव्हीसी लावा, एक म्हणतो डब्ल्यूपीसी, आणि दुकानदार म्हणतो "710 चा मरीन दरवाजा घ्या, काही होत नाही". काय करू? घरी सासूबाई 78 वर्षांच्या आहेत.

पत्रा मारला की पाणी बाहेर यायचं थांबतं, आत जायचं थांबत नाही. पत्र्याला मारलेल्या खिळ्यांच्या भोकातूनच जातं. दुसरं म्हणजे दार समोरून भिजून सडत नाही, त्याला सनमायका असतो, ते खालच्या कडेने पाणी पितं. मिस्त्री काय करतो, दार आणतो, चौकटीत बसत नाही म्हणून खालून अर्धा इंच कापतो आणि तसंच टांगतो. ती कापलेली कड उघडी लाकूड असते आणि दार टांगल्यावर ती कुणाला दिसत नाही, म्हणून तिला ना रंग लागतो ना काही. तिन्ही वेळा तुमचं हेच झालंय अशी माझी जवळजवळ खात्री आहे. मोबाईल खाली धरून कॅमेऱ्याने कडेचा फोटो काढा, लगेच कळेल.

आता 710. हा नंबर आहे आयएसआयच्या मरीन प्लायचा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या शीटचा. लाकडी फ्लश डोअरचा, म्हणजे दोन्हीकडून सपाट दाराचा, नंबर वेगळा, आयएस 2202. दुकानदार बोलताना सगळ्यालाच 710 म्हणतात, काही जण सवयीने म्हणतात काही जण मुद्दाम, तुम्ही आपलं दारावरचा शिक्का बघा, त्यावर 2202 आहे का. आणि असला तरी बाथरूमला लाकडी फ्लश डोअर मी तरी लावणार नाही, तुमचा इतिहास बघता तर नाहीच.

डब्ल्यूपीसी घ्या. म्हणजे प्लॅस्टिक आणि लाकडाचा भुसा मिळून केलेलं, पाणी जवळपास पीत नाही आणि वाळवी लागत नाही. 28-30 मिमी जाडीचं भरीव घ्या, हातात उचलून बघा, एकाच साइजची दोन कंपन्यांची दारं वजनाला वेगळी लागली तर जड तेच घ्या. खोड एकच, स्क्रू लाकडाएवढा घट्ट धरत नाही. मिस्त्रीला सांगायचं आधी बारीक ड्रिल मार मग स्क्रू, आणि एकदा बसवला की परत परत काढू नको, भोक ढिलं झालं की बिजागरी हलायला लागते. पोकळ पीव्हीसीचं दार स्वस्त पडतं, भाड्याने दिलेल्या घरात ठीक, पण रोजच्या वापरात कडीजवळ फाटतं आणि बंद करताना आवाज असा येतो की जणू डबा आपटला.

चौकटही लाकडी असेल तर ती पण काढा, नुसतं दार बदलून उपयोग नाही, लाकडी चौकटीचे पाय आधी सडतात. ग्रॅनाइटची लावा. मुंबईत बहुतेक नव्या इमारतींत तीच असते, आणि ती पण बसवायच्या आधी बिजागरीची जागा दुकानातच कापून घ्या, घरी कापायला गेलं की कोपरा उडतो. बिजागऱ्या एसएस 304 च्या, म्हणजे त्या नंबरच्या स्टेनलेस स्टीलच्या. 202 च्या पण दुकानात तशाच चकाचक दिसतात, स्टीलच म्हणतात त्यालाही, बाथरूमच्या ओलीत वर्ष-दोन वर्षांत गंजतात. बिलावर 304 लिहून घ्या.

आता सासूबाई. यासाठी मला तुमच्या पत्रात थांबावंसं वाटलं. दार बाहेर उघडणारं करा. आपल्याकडे बाथरूमचं दार बहुतेक घरांत आत उघडतं, आत माणूस दाराला टेकून पडलं तर मग बाहेरून ढकलता पण येत नाही, दार तोडावं लागतं आणि तेही आत माणूस असताना. बाहेर उघडलं की पॅसेजमध्ये दोन थेंब पाणी गळतं एवढंच. कडी आतून लावायची पण बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते तसलं लॉक मिळतं, तेच लावा, वरची टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची कडी, काढूनच टाका, सवयीने लावली जाते.

आणि बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का? पत्रात लिहिलं नाहीये म्हणून विचारते. असेल तर नवीन दार घट्ट बसायच्या आधी तो बाहेर हलवा. जुन्या सडक्या दाराखालून निदान हवा तरी येत होती. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर जळताना ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आंघोळ करताकरता बेशुद्ध होतं. दाराला खाली जाळी ठेवली म्हणजे झालं असं काही जण सांगतात, ते पुरेसं नाही. गिझर बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेच्या ठिकाणी, पाइपने पाणी आत. खर्च होतो, करा.

गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. आजोबांच्या काळातली बर्मा टीकची (सागवानाची) दुपाखी, दोन पल्ल्यांची दारं आहेत, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो भंगारात जातील. नव्या फ्लॅटमध्ये वापरता येतील का? भाऊ म्हणतो कशाला जुनं ओझं.

भावाला सांगा हे ओझं आज विकत घ्यायला गेलास तर घाम फुटेल. बर्मा टीकचं जुनं लाकूड दशकानुदशकं वाळलेलं असतं, जे वाकायचं फुगायचं ते केव्हाच होऊन गेलंय. शिवाय जुन्या दारांची बांधणी नीट बघा, मधला पाट दाराच्या कडेच्या पट्ट्यांच्या खाचेत नुसता सरकवलेला असतो, खिळ्याने ठोकलेला नसतो, का तर लाकूड आडवं फुगतं, उभं फारसं नाही, त्याला हलायला जागा ठेवलेली असते. मुंबईच्या पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात ही दारं उगाच नाही टिकली. त्या मिस्त्रींना हे माहीत होतं.

अडचण मापाची येते. चाळीतलं दुपाखी दार चार फुटापर्यंत रुंद, फ्लॅटच्या बेडरूमला तीन फूट. कापून बसवू म्हणेल मिस्त्री, कापू देऊ नका, कडेच्या पट्ट्या कापल्या की आतले सांधे उघडे पडतात आणि मग सगळं खिळखिळं. एक इंच दोन्हीकडून रंधून निघत असेल तर ठीक. नाहीतर दोन पाखी जोडून स्लायडिंगचं एक करा, हॉल आणि किचनच्या मधे भिंतीवर वरच्या ट्रॅकला टांगायचं, तिथे कापायचा प्रश्नच येत नाही. फक्त टांगायच्या आधी वजन करून घ्या आणि ट्रॅक तेवढ्या वजनाचा घ्या. जड असतात.

रंगाची काळजी घ्या मात्र. दहा थर असतील, आतल्या जुन्या रंगांत शिसं असायची दाट शक्यता. घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाखात 90 भाग) हा नियम 2016 चा, लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून, तुमचे थर त्याच्या किती आधीचे. त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवायची नाही, घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही. काम घराबाहेर द्या, केमिकल लावून खरवडून घ्या, मास्क लावायला सांगा. आणि पितळेच्या कड्या चाळ सोडतानाच स्वतः काढून पिशवीत ठेवा, एकदा दारं खाली उतरली की त्या "हरवतात". चोरबाजारात तशाच विकत घ्याव्या लागतील मग.

बाबांना पॅरालिसिस झालाय, व्हीलचेअरवर आहेत. बोरिवलीला टॉवरमध्ये राहतो. बेडरूममधून कसेबसे निघतात पण टॉयलेटच्या दारात खुर्ची अडकते. दार मोठं करायचंय, मिस्त्री म्हणतो एका दिवसात भिंत कापून देतो.

मिस्त्रीला थांबवा आधी. टॉवर नवा असेल तर तो मिवानचा आहे का ते विचारा, सोसायटीच्या ऑफिसात माहीत असतं. मिवान म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओतलेल्या, त्या भिंतीच इमारतीचं वजन पेलतात. तिथे चार इंच कापणं म्हणजे वरच्या वीस मजल्यांशी खेळणं. जुनी इमारत असेल आणि भिंतीवर उभी असेल तरी तेच. वीट किंवा ब्लॉकची साधी मधली भिंत असेल तर सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होकार घेऊन, वर नवीन लिंटेल, म्हणजे दारावरची भिंत पेलणारा आडवा पट्टा, टाकून करता येतं.

तोवर न तोडता किती जागा मिळते बघू. तुमचं दार 30 इंची धरलं तर मोकळी जागा 30 मिळतच नाही, दार नव्वद अंशात उघडं राहिलं की त्याची स्वतःची जाडी आणि चौकटीची खाच मधे येते, हातात 28 च्या आसपास उरतात. खुर्ची साधारण 25 ते 27 इंच, वर हाताची बोटं चाकावर. म्हणून अडकते. एक, ऑफसेट बिजागऱ्या लावा, दार पूर्ण बाजूला सरकतं, इंचभरापेक्षा जास्त जागा सुटते. दोन, दारच काढा आणि भिंतीच्या बाहेरून स्लायडिंग करा, बाजूला दाराएवढी भिंत मोकळी असेल तर. तीन, उंबऱ्याची मार्बलची पट्टी काढून उतार करा, अर्ध्या इंचालाही पुढचं छोटं चाक अडतं, आणि बाबांना उचलून घेताना तुमची पाठ जाते ते वेगळंच. एवढं करूनही भागलं नाही तर मग इंजिनिअर. मोकळी जागा निदान 32 इंच धरा, 36 मिळाले तर उत्तम.

मुलगी दहावीला, आमचा हॉल आणि बेडरूम लागून, आजीला सिरियल लागतेच. साउंडप्रूफ दार कुठे मिळेल? दादर.

साउंडप्रूफ दार म्हणून जे विकतात त्याच्या मागे लागू नका. आधी आत्ताच्या दारावर टकटक करून बघा, ढोलासारखं वाजलं तर पोकळ आहे, आतल्या कागदी जाळीतून सगळं ऐकू येतं. भरीव फ्लश डोअर 35 मिमीचं लावा, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबराची गास्केट पट्टी, खाली ड्रॉप सील, दार लागलं की ते आपोआप खाली टेकतं. खालची फट राहिली तर दार कितीही जाड घ्या पैसे पाण्यात, आवाज फटीतून येतो. पूर्ण बंद नाही होणार, पण शब्द कळेनासे होतात आणि अभ्यासाला तेवढं पुरतं. आजीला ब्लूटूथचा हेडफोन हा उपाय सगळ्यात स्वस्त आहे, पण तो तुम्ही सुचवा, मी नाही.

किचनला दार हवं की नको यावरून घरात भांडण. माहीमला राहतो, आम्ही मासे खाणारे, आई म्हणते सुकट भाजली की बेडरूमच्या उशांना वास येतो. बायको म्हणते ओपन किचन.

दोघीही बरोबर आहेत म्हणून काचेचं स्लायडिंग करा, भांडण मिटेल. उजेड येतो, घर तुटल्यासारखं वाटत नाही, भाजताना ओढायचं. काच टफन्ड घ्या 8 किंवा 10 मिमी, फुटली तरी बारीक दाणे होतात, सुऱ्या नाही. पण टफन्ड काच एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, म्हणून माप चौकट बसल्यावर आणि टाइल्स झाल्यावर घ्यायचं, आधी नाही. हँडलचं भोकपण त्यातच सांगायचं. ट्रॅक वरचा घ्या, खालच्या ट्रॅकमध्ये आठवड्यात पीठ आणि कोथिंबिरीच्या काड्या जमा होतात.

पाइप गॅस असेल तर खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू राहील असं बघा, दार लावून कोंडमारा नको. आणि बोंबील तळताना दाराने वास थांबेल अशी आईला हमी देऊ नका, चिमणी आधी चालू करायची, दार नंतर.

पावसाळा लागल्यापासून बेडरूमचं दार वरच्या कोपऱ्यात अडकतंय, मिस्त्री उद्या रंधा घेऊन येतोय. ठीक ना?

नको, उद्याचं कॅन्सल करा. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा, निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतं, लटकलेलं असतं. स्क्रू नुसता फिरत असेल, धरतच नसेल, तर भोकात फेव्हिकॉल लावून काड्यापेटीच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या, मग परत स्क्रू. तरी अडलं तर जिथे घासतंय तिथे मेणबत्ती चोळून दिवस काढा. जुलैत रंधा मारलात तर जानेवारीत त्याच जागी बोट जाईल एवढी फट पडेल आणि मग मला पुढचं पत्र फटीचं येईल. दिवाळीनंतर दार सुकलं आणि तरीही अडकत असेल तर तेव्हा रंधा, आणि रंधलेल्या कडेला त्याच दिवशी रंगाचे दोन हात.