फ्रॅटर्निटीचा सल्लागार झालायस? आधी एवढंच बघ

अभिनंदन! फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकी विद्यापीठांतल्या मुलग्यांची संघटना. अमेरिकेत शिकून तिथेच स्थिरावलेल्या आपल्या माणसांपैकी फार थोडे या भानगडीत पडतात. चॅप्टर (विद्यापीठातली तिची शाखा) मुलंच चालवतात, तू नाही, हे मात्र पक्कं ठेव.

- ‘आमच्या वेळी…’ हे वाक्य गिळून टाक. हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच. पेन स्टेट विद्यापीठातल्या टिमथी पियाझा या विद्यार्थ्याचा २०१७ मध्ये त्यातून मृत्यू झाला आणि २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्याच्या नावाने कडक कायदा केला. तुझ्या काळातली एखादी ‘गंमत’ आज गुन्हा ठरू शकते.
- ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नकोस. नवखे सल्लागार इथेच फसतात. मुलं विश्वासाने बोलतात, पण जिवाचा प्रश्न आला की विद्यापीठाला कळवावंच लागतं. हे पहिल्याच बैठकीत सांगून टाक.
- पार्ट्यांना जाऊ नकोस. दारूचं वय तिथे २१, आणि निम्मी पोरं त्याखालची.
- फक्त अध्यक्षाशी बोलून भागत नाही. पदाधिकारी साधारण वर्षाने बदलतात, मग तेच सगळं पुन्हा शिकवा! (कंटाळा येतो, येऊ दे.)

फ्रॅटर्निटीच्या घराची मालकी, विमा वगैरे नंतर बघू. या आठवड्यात खजिनदाराला कॉफीला ने आणि वर्गणी कोणाकोणाची थकली आहे ते विचार.